मार्कस टेरेन्शियस व्हॅरो

मार्कस टेरेन्शियस व्हॅरो (इ.स.पू. ११६ – इ.स.पू. २७) हा प्राचीन रोममधील विद्वान, व्याकरणकार व लेखक होता. लॅटिन शब्दांची व्युत्पत्ती आणि त्यांचे ग्रीक भाषेशी असलेले नाते यांचा त्याने केलेला अभ्यास विशेष प्रसिद्ध आहे.

जीवन

व्हॅरोने रोममध्ये एलियस स्टिलो या व्याकरणकाराकडे, तर अथेन्समध्ये अँटायोकस या तत्त्वज्ञाकडे शिक्षण घेतले. इ.स.पू. ६७ मध्ये समुद्री चाच्यांविरुद्धच्या मोहिमेत तो पाँपेच्या हाताखाली लढला. यादवी युद्धात पाँपेच्या बाजूने असताना इ.स.पू. ४९ मध्ये त्याला स्पेनमध्ये ज्यूलियस सीझरपुढे शरणागती पत्करावी लागली. सीझरने त्याला अभय दिले व नियोजित सार्वजनिक ग्रंथालयासाठी ग्रीक आणि लॅटिन ग्रंथ जमविण्याचे काम सोपविले. सीझरच्या हत्येमुळे ही योजना तडीस गेली नाही. इ.स.पू. ४३ मध्ये मार्क अँटनीने व्हॅरोचे नाव वध्य व्यक्तींच्या यादीत घातले. एका मित्राने आश्रय दिल्याने त्याचे प्राण वाचले. मात्र त्याचा ग्रंथसंग्रह लुटला गेला आणि त्यात त्याचे स्वतःचे काही लेखनही नाहीसे झाले. पुढे असिनियस पोलिओने रोममधील पहिले सार्वजनिक ग्रंथालय उभारले, तेव्हा तेथे हयात लेखकांपैकी केवळ व्हॅरोचाच पुतळा बसविण्यात आला.

भाषाविषयक कार्य

'दे लिंग्वा लातिना' (लॅटिन भाषेविषयी) हा त्याचा ग्रंथ २५ भागांचा होता. त्यातील बराचसा भाग त्याने सिसेरोला अर्पण केला. विभक्ती असलेले, काळ दर्शविणारे, दोन्ही असलेले आणि दोन्ही नसलेले असे शब्दांचे चार वर्ग त्याने मानले. 'लेपुस' (ससा) हा शब्द 'हलक्या पायांचा' या अर्थाच्या लॅटिन शब्दांपासून बनला, असे स्टिलोचे मत होते. व्हॅरोने गुरूचे हे मत नाकारून त्याचे मूळ जुन्या ग्रीक बोलीत शोधले. त्याच्या अनेक व्युत्पत्ती आज ग्राह्य मानल्या जात नाहीत; परंतु त्या देताना त्याने उद्धृत केलेले प्राचीन धार्मिक गीतांचे व लुप्त नाटकांचे अंश अतिशय मोलाचे ठरले आहेत.

उपलब्ध साहित्य

व्हॅरोने शेकडो ग्रंथ लिहिले. त्यांपैकी वयाच्या ८०व्या वर्षी लिहिलेला शेतीविषयक ग्रंथ तेवढा पूर्ण स्वरूपात उपलब्ध आहे. 'दे लिंग्वा लातिना'चे ५ ते १० हे सहाच भाग, तेही त्रुटित, शिल्लक असून ते मुख्यतः माँते कासिनो येथील मठात ११व्या शतकात लिहिलेल्या एका हस्तलिखितामुळे टिकून राहिले.