कालुगाचे गुरुजी

दिवाळीतील बाण आपण सर्वांनी पाहिला आहे. वातीला ठिणगी लागली की तो मागच्या बाजूने तप्त वायूचा झोत फेकतो आणि त्या झोताच्या उलट धक्क्याने स्वतः वर झेपावतो. याच तत्त्वावर मनुष्य एके दिवशी पृथ्वी सोडून जाईल, हे गणिताने मांडून दाखविणारे शास्त्रज्ञ व्यवसायाने शाळामास्तर होते आणि त्यांना जवळजवळ ऐकू येत नसे. कॉन्स्टंटिन त्सिओलकोव्हस्की हे त्यांचे नाव.

१७ सप्टेंबर १८५७ रोजी रशियातील इझेव्हस्कोये या गावी त्यांचा जन्म झाला. वडील वनखात्यात नोकरीस होते. बाळपणी हा मुलगा मोठा खेळकर होता. परंतु दहाव्या वर्षाच्या सुमारास लोहितांग ज्वराने त्याला गाठले आणि त्याची श्रवणशक्ती हिरावून घेतली. शाळेतील शिकविणे त्याला ऐकू येईना. सोबत्यांची संगत तुटली. ज्या आईने त्याला अक्षरओळख करून दिली, तीही तो तेरा वर्षांचा असताना निवर्तली. आता ग्रंथ हेच त्याचे गुरू आणि तेच सोबती झाले.

सोळाव्या वर्षी वडिलांनी त्याला मॉस्कोस पाठविले. तेथील सार्वजनिक ग्रंथालयात बसून त्याने सुमारे तीन वर्षे गणित व पदार्थविज्ञान यांचा अभ्यास केला. काळ्या पावावर भूक भागवावी आणि उरलेले पैसे पुस्तकांवर व प्रयोगांच्या साहित्यावर खर्चावे, असा त्याचा क्रम होता. पुढे १८७९ साली शिक्षकाची परीक्षा उत्तीर्ण होऊन तो बोरोव्हस्क येथे शिक्षक झाला. १८९२ पासून अखेरपर्यंत कालुगा हे नगरच त्सिओलकोव्हस्कींची कर्मभूमी झाले.

फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न यांच्या कथांनी त्यांच्या मनात अवकाशाची ओढ निर्माण केली होती. व्हर्न यांच्या कथेतील प्रवासी प्रचंड तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे जातात. कथा रम्य खरी. पण गुरुजींनी हिशेब केला, तेव्हा असे दिसले की, तोफेच्या त्या एका धक्क्यानेच प्रवाशांचा चुराडा होईल. मग हळूहळू वेग वाढविणारे वाहन कोणते? या प्रश्नाने त्यांना अग्निबाणाच्या वाटेवर आणले.

विचार करताना ते लेखणीने चित्रेही काढीत आणि कथाही लिहीत. जेथे वजनच जाणवत नाही, तेथे मनुष्य चालेल कसा? पाणी पेल्यात राहील काय? १८८३ साली त्यांनी एका टिपणवहीत अशा जगाचे वर्णन केले आणि तरंगणाऱ्या माणसांसह एक यानही रेखाटले. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘चंद्रावर’ या त्यांच्या कथेत काळ्याभोर आकाशाखाली माणसे लांबलांब उड्या मारीत फिरतात. कथेतही त्यांनी निसर्गनियमांना रजा दिली नाही. आणि म्हणूनच त्यांची कल्पना हवेत विरून गेली नाही.

१९०३ साली त्यांचा महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध झाला. अग्निबाणास किती वेग येईल हे वायूच्या झोताच्या वेगावर आणि इंधनासह व इंधनाशिवाय असलेल्या त्याच्या वजनांच्या प्रमाणावर अवलंबून असते, हे त्यांनी सूत्राने दाखविले. द्रवरूप हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे इंधन त्यांनी सुचविले. परंतु त्या वेळी या निबंधाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९०८ साली ओका नदीचा पूर त्यांच्या घरात शिरला आणि कित्येक कागदपत्रे नष्ट झाली. तरीही गुरुजींची लेखणी थांबली नाही. एकापुढे एक अग्निबाण जोडून ‘आगगाडी’ करावी आणि रिकामा झालेला अग्निबाण वाटेत सोडून द्यावा, ही योजना त्यांनी १९२९ साली मांडली.

१९३३ साली चंद्रप्रवासावरील एका चित्रपटाच्या दिग्दर्शकाने त्यांचे साह्य मागितले. पंचाहत्तरी ओलांडलेल्या गुरुजींनी उत्साहाने वहीभर चित्रे काढली. यानातून माणसाने बाहेर पडावे कसे? एकदम दार उघडले तर आतील सर्व हवा निघून जाईल. म्हणून त्यांनी दोन दारांची छोटी खोली रेखाटली. आतले दार लावून घ्यावयाचे, खोलीतील हवा काढावयाची आणि मगच बाहेरचे दार उघडावयाचे! यानाबाहेर दोरीला बांधून घेऊन तरंगणारी माणसेही त्या वहीत होती. तो चित्रपट जानेवारी १९३६ मध्ये पडद्यावर आला. पण तो पाहावयास गुरुजी नव्हते. १९ सप्टेंबर १९३५ रोजी कालुगा येथे त्यांचे निधन झाले होते.

त्यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली त्याच वर्षी, ४ ऑक्टोबर १९५७ रोजी, पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला. १८ मार्च १९६५ रोजी अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह दोन दारांच्या तशाच खोलीतून यानाबाहेर पडले आणि दोरीच्या आधाराने अवकाशात तरंगले. लिओनोव्ह स्वतः चित्रकार होते. त्या प्रवासात त्यांनी रंगीत पेन्सिलींनी अवकाशातील सूर्योदयाचे चित्र काढले. कालुगाच्या गुरुजींनी जे दृश्य मनश्चक्षूंनी पाहून कागदावर उतरविले होते, ते बत्तीस वर्षांनी एका चित्रकाराने प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले.