फिरायला निघालेली आजी

परवा आमच्या भिशीत सहलीचा विषय निघाला. लगेच सुरू झालं, साठी उलटली, गुडघे ऐकत नाहीत, घर कोण बघणार? ही यादी मलाही तोंडपाठ आहे. पण त्या दिवशी मला एम्मा गेटवूड आठवली.

१८८७ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जन्मलेली ही शेतकऱ्याघरची बाई. लग्न एकोणिसाव्या वर्षी. पदरी अकरा मुलं, शेतीची कामं आणि नवऱ्याचा मार. तोही बरगड्या मोडेपर्यंत. अखेर १९४१ मध्ये तिने घटस्फोट घेतला.

मुलं मार्गी लागल्यावर एका मासिकात तिने अ‍ॅपलाशियन डोंगरवाटेबद्दल वाचलं. चौदा राज्यांतून जाणारी, सुमारे ३,३०० किलोमीटरची पायवाट! एकट्या बाईने ती एका हंगामात कधी पार केली नव्हती. १९५४ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, ती उत्तरेकडून मेन राज्यातून निघाली. पण वाट चुकली, चष्मा फुटला, शिदोरी संपली. रेनबो लेक नावाच्या तळ्याकाठी वनरक्षकांनी तिला घरी जायला सांगितलं. बिचारी परतली.

आपण असतो तर तिथेच विषय संपला असता, नाही? एम्मा मात्र १९५५ च्या मे महिन्यात दक्षिणेकडून, जॉर्जियातून पुन्हा निघाली. घरी सांगितलं, फिरायला जाते. तंबू नाही की काही नाही. खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची पिशवी. तिच्यात घोंगडी, रेनकोट आणि पावसासाठी चक्क बाथरूमचा प्लास्टिकचा पडदा! पायात कॅनव्हासचे बूट. खायला बेदाणे, शेंगदाणे. ऑगस्टात दोन वादळांचा पाऊस तिने अंगावर घेतला. सप्टेंबरअखेर मेनमध्ये पोचली तेव्हा थंडी पडली होती, पाय दुखावला होता. वाटेत तेच रेनबो लेक लागलं. या खेपेला ती परत फिरली नाही. २५ सप्टेंबरला, जवळचे होते नव्हते ते सगळे कपडे अंगावर चढवून, १,६०० मीटर उंच कटाहडिन शिखरावर ती पोचली. १४६ दिवस लागले.

१९५७ मध्ये तिने तीच वाट पुन्हा पार केली आणि १९६४ पर्यंत टप्प्याटप्प्याने तिसऱ्यांदाही. १९७३ मध्ये, ८५ व्या वर्षी ती गेली.

मला मात्र शिखरापेक्षा ते तळंच जास्त आठवतं. आपल्यातल्या कितीजणी अशाच कुठून तरी परत आलेल्या असतात! कुणी अर्धवट सोडलेल्या परीक्षेवरून, कुणी एकदा पडल्यावर स्कूटीवरून. पुन्हा पिशवी भरायचं तेवढं राहून जातं.

येत्या रविवारी आम्ही चौघी गावाबाहेरची टेकडी चढणार आहोत. गुडघ्यांना विचारलेलं नाही.