वाटसरूचा वाटा

मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालेली गाडी अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले मागे टाकते आणि शंभरेक किलोमीटरवर दौलताबादला पोहोचते. देवगिरीचा तासलेला कडा खिडकीतूनच दिसतो. पावणेसातशे वर्षांपूर्वी हाच कडा मोरोक्कोहून आलेल्या एका माणसाने पाहिला होता. घर सोडून त्याला तेव्हा सतरा वर्षे झाली होती. इब्न बतूता हे त्याचे नाव. जगाच्या इतिहासातल्या मोठ्या प्रवाशांत त्याची गणना होते, पण त्याची सुरुवात मात्र रडण्यापासून झाली.

त्याचा जन्म १३०४ साली मोरोक्कोतल्या टँजियर या बंदरात झाला. घराण्यात काझीपद चालत आलेले होते. मालिकी पंथाच्या कायद्याचे शिक्षण घ्यायचे आणि गावातच काझी व्हायचे, असा सरळ रस्ता त्याच्यापुढे होता. जून १३२५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो हजसाठी एकटाच घराबाहेर पडला. सोबत काफिला नव्हता, ओळखीचे कोणी नव्हते. आईवडील दोघेही हयात होते आणि त्यांचा निरोप घेणे त्याला फार जड गेले.

वाटेत तापाने गाठले. थांबून आराम करण्याचा सल्ला मिळाला, पण त्याने तो मानला नाही. अशक्तपणामुळे पडू नये म्हणून पागोट्याच्या कापडाने स्वतःला खोगिराला बांधून तो पुढे जात राहिला. ट्युनिसला पोहोचल्यावर शहरातले लोक काफिल्याच्या स्वागताला आले. जो तो आपल्या ओळखीच्याला सलाम करत होता, विचारपूस करत होता. या तरुणाला कोणीच सलाम केला नाही, कारण त्याला ओळखणारे तिथे कोणी नव्हते. त्याला रडू आवरेना. हजच्या वाटेवरच्या एका यात्रेकरूने ते पाहिले. तो जवळ आला, सलाम केला आणि शहरात शिरेपर्यंत त्याच्याशी बोलत राहिला. घराबाहेरची पहिली रमजान ईद इब्न बतूताने याच ट्युनिसमध्ये साजरी केली. काही आठवड्यांनी काफिला पुढे निघाला, तेव्हा कोणाचीही ओळख नसलेला हाच तरुण त्या काफिल्याचा काझी झाला होता.

पुढच्या वर्षीच्या रमजानमध्ये, ऑगस्ट १३२६ मध्ये, तो दमास्कसला होता. तिथली एक रीत त्याने आवर्जून नोंदवली आहे. त्या शहरात कोणी एकट्याने रोजा सोडत नसे. अमीर आणि व्यापारी आपल्या दस्तरखानावर मित्रांबरोबर गरिबांनाही बोलावत. ज्यांना बोलावणे नसे ते कोणाच्या घरी किंवा मशिदीत जमत, ज्याच्याकडे जे असेल ते घेऊन येत आणि सगळे मिळून खात. नूरुद्दीन सखावी नावाच्या मालिकी विद्वानाने इब्न बतूताला रोज इफ्तारला यायला सांगितले. चार दिवसांनी त्याला ताप आला आणि तो गेला नाही. नूरुद्दीनने माणूस पाठवून त्याला बोलावून घेतले. कोणतीही सबब न ऐकता आपल्याच घरी ठेवले आणि हकीम आणून उपचार केले. ईद होईपर्यंत जवळचे पैसे संपले होते. तेव्हा त्यानेच उंट, शिधा आणि वाटखर्च देऊन पाहुण्याला हजच्या वाटेला लावले.

हज झाल्यावर तो परतला असता तर शेकडो हाजींपैकी एक ठरला असता. तो इराक आणि इराणकडे वळला. मग पूर्व आफ्रिकेचा किनारा, तुर्कस्तान, व्होल्गाचा बर्फाळ प्रदेश आणि हिंदुकुश पार करून सप्टेंबर १३३३ मध्ये सिंधू नदीवर पोहोचला. शक्यतो एकदा चाललेली वाट पुन्हा धरायची नाही, हा त्याचा नियम होता.

दिल्लीत मुहम्मद तुघलकाने त्याला काझी नेमले आणि वर्षाला बारा हजार दिनार पगार दिला. इब्न बतूताला इथली भाषा येत नव्हती आणि इथला न्याय हनफी पंथाने चाले. म्हणून सुलतानाने मदतीला दोन नायब दिले. राजधानीत मान होता, पैसा होता, घरदार होते. टँजियरला जी सुरक्षित जागा सोडली तीच इथे दहापट होऊन मिळाली होती. पण एका शेखची भेट घेतल्याच्या कारणावरून सुलतानाचा संशय आला आणि दाराशी पहारा बसला. त्या दिवसांत त्याने सलग रोजे धरले, दुवा मागितली. सुटका झाल्यावर सगळी मालमत्ता देऊन टाकली आणि फकिराचे कपडे घालून एका साधूपुरुषाजवळ जाऊन राहिला. काही महिन्यांनी सुलतानाने त्याला पुन्हा बोलावले ते चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठवण्यासाठी.

१३४२ साली हा लवाजमा निघाला. आजच्या अलीगढजवळ चकमकीत इब्न बतूता एकटा पडला आणि लुटला गेला. कित्येक दिवस तो शेतांतून, ओसाड विहिरींच्या काठाने उपाशी भटकत राहिला. शेवटी एका अनोळखी माणसाने त्याला खाऊ घातले, पाठीवर घेतले, एका गावापाशी उतरवले आणि तो निघून गेला.

असा जीव वाचलेला वकील देवगिरीला पोहोचला. याच गावाला तुघलकाने राजधानी केले होते आणि दौलताबाद हे नाव रुळवले होते. इब्न बतूताने इथल्या किल्ल्याचे, तळघरातल्या कैद्यांचे आणि मांजरांनाही न जुमानणाऱ्या उंदरांचे वर्णन केले आहे. इथली द्राक्षे आणि डाळिंबे त्याला आवडली. गाणाऱ्यांचा एक देखणा बाजार त्याने पाहिला. त्या बाजारातल्या मशिदींत रमजानमध्ये तरावीहची नमाज होत असे. तिथून तो नंदुरबारला गेला. मराठ्यांच्या त्या लहान गावातले कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी त्याला निष्णात वाटले. हे लोक भात, भाजी आणि तिळाचे तेल खातात, जीवहत्या टाळतात आणि जेवणापूर्वी अंघोळ करतात, असे त्याने टिपले. त्या अंघोळीची तुलना त्याने आपल्या धर्मातल्या गुस्लशी, म्हणजे शुद्धीच्या स्नानाशी केली. परक्याची रीत आपल्या घरातल्या रीतीशेजारी ठेवून पाहणे त्याला जमू लागले होते.

सगळीकडे मात्र ते जमले नाही. चीनमध्ये परके रीतिरिवाज पाहून तो इतका अस्वस्थ झाला की कामाशिवाय बाहेर पडेना. आफ्रिकेतल्या माली राज्यात स्वागताची भेट म्हणून भाकरी, मांस आणि दही आले तेव्हा तो हसला आणि पुढे राजाकडे तक्रारही केली. मालीतला न्याय आणि तिथल्या रस्त्यांची सुरक्षितता मात्र त्याने मोकळेपणाने वाखाणली. त्या काळच्या प्रतिष्ठितांप्रमाणे तोही गुलाम बाळगत होता आणि त्याबद्दल त्याला कधी खंत वाटल्याचे दिसत नाही. घर सोडले तरी घरातल्या सगळ्याच समजुती सुटत नाहीत.

कालिकतच्या किनाऱ्यावर वादळात भेटवस्तूंचे जहाज फुटले. त्याचे सामान असलेले दुसरे जहाज त्याला किनाऱ्यावरच टाकून निघून गेले. जुम्म्याच्या नमाजसाठी तो जमिनीवर थांबला होता म्हणून वाचला. उरले ते दहा दिनार आणि अंथरायचा गालिचा. त्यानंतर मालदीवमध्ये काझीपद, मग श्रीलंका, बंगाल, सुमात्रा आणि चीन असा प्रवास करून तो माघारी वळला.

१३४८ साली तो पुन्हा दमास्कसला आला तेव्हा प्लेगने थैमान घातले होते. शहराने तीन दिवस रोजे धरले. मग मुसलमान कुरआन घेऊन, यहुदी तौरात घेऊन आणि ख्रिस्ती इंजील घेऊन, बायकामुलांसह अनवाणी दुवा मागायला बाहेर पडले. इब्न बतूता त्या गर्दीचा साक्षीदार होता. याच शहरात त्याला कळले की वडील जाऊन पंधरा वर्षे झाली. इथे मागे राहिलेला त्याचा मुलगाही बारा वर्षांपूर्वी वारला होता. १३४९ मध्ये मायदेशी पोहोचत असताना आईही प्लेगने गेल्याची बातमी आली. टँजियरला जाऊन त्याने तिच्या कबरीचे दर्शन घेतले. प्रवासाची किंमत ही होती आणि ती कशानेच भरून आली नाही.

त्यानंतर स्पेन आणि माली पाहून तो स्थिरावला. मोरोक्कोच्या सुलतानाच्या आज्ञेवरून त्याने आपला प्रवास इब्न जुझय या लेखकाला सांगितला. १३५५ च्या अखेरीस हे कथन पूर्ण झाले. आज ‘रिहला’ म्हणून तो ग्रंथ ओळखला जातो. उरलेली वर्षे त्याने काझी म्हणून काढली. एकविसाव्या वर्षी सोडलेले काम त्याने पन्नाशीनंतर हाती घेतले. १३६८ च्या सुमारास तो वारला.

रमजानमध्ये मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे. कुरआनने जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले, त्यांत वाटसरूही आहे. बाहेर पडलेला माणूस, मग तो काझीचा मुलगा का असेना, कधीतरी दुसऱ्याच्या दारी येतो. ते इब्न बतूताला ट्युनिसमध्ये कळले, दमास्कसमध्ये कळले आणि अलीगढच्या शेतांतही कळले. ट्युनिसच्या वेशीवर पुढे होऊन सलाम करणाऱ्या त्या यात्रेकरूचे नाव कोणालाच ठाऊक नाही. मनमाड तर जंक्शनचे गाव. इथे रोज कोणीतरी अनोळखी उतरतो आणि पुढच्या गाडीची वाट पाहत बसतो. मगरिबची अजान होते तेव्हा एक खजूर आणि घोटभर पाणी त्याच्यापुढे करायला त्याचे नाव विचारावे लागत नाही.