वनरक्षक स्टीव्हन्सन-हॅमिल्टन

सिंहाचें नांव काढतांच आमच्या वर्गांतील मुलांच्या डोळ्यांपुढें बंदूक रोखून उभा असलेला शिकारी येतो. सिंहाला मारणें हेंच शौर्य, अशी त्यांची समजूत असते. म्हणून यंदा आम्हीं अशा एका पुरुषाचें चरित्र निवडलें आहे, कीं ज्याला बंदूक खालीं ठेवण्याचें शहाणपण अनुभवानें आलें.

जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६७ रोजीं डब्लिन शहरीं झाला. त्यांचें घराणें स्कॉटलंडमधील जमीनदारांचें. शिक्षण संपल्यावर ते सैन्यांत शिरले आणि बोअर युद्धांत दक्षिण आफ्रिकेंत लढले. युद्ध संपलें त्याच वर्षीं, म्हणजे १९०२ सालीं, ट्रान्सव्हालच्या नव्या इंग्रज सरकारनें त्यांस साबी येथील राखीव रानाचे मुख्य रक्षक नेमलें.

हें रान १८९८ सालीं बोअर लोकांचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांनीं साबी व क्रोकोडाईल या दोन नद्यांच्या मध्यें राखून ठेविलें होतें. परंतु राखण्यासारखें तेथें फारसें उरलें नव्हतें. शिंगें, कातडीं व हस्तिदंत यांच्या लोभानें शिकाऱ्यांनीं कळपच्या कळप मारले होते. १८९६ च्या सुमारास आलेल्या बुळकांडीनें गुरांबरोबर रानरेडे व हरणें यांचाहि संहार केला होता. स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांनीं शिकार बंद केली आणि गोऱ्या अधिकाऱ्यांसहि सूट दिली नाहीं.

हें काम किती धोक्याचें होतें, तें त्यांचे सहाय्यक हॅरी वोल्हूटर यांच्यावर १९०३ सालीं आलेल्या प्रसंगावरून कळेल. सायंकाळीं घोड्यावरून जात असतां दोन सिंहांनीं त्यांस गांठलें. ते खालीं पडतांच एका सिंहानें त्यांचा उजवा खांदा जबड्यांत धरून त्यांस फरफटत नेलें. वोल्हूटर यांनीं डाव्या हातानें कमरेची सुरी काढून सिंहास भोसकलें आणि रक्तबंबाळ स्थितींत झाडावर चढून जीव वाचविला. दुसरा सिंह झाडाखालीं आला, पण त्यांच्या इमानी कुत्र्यानें त्यास सतावून दूर ठेविलें.

आरंभीं स्टीव्हन्सन-हॅमिल्टनहि सिंह, बिबटे व रानकुत्रे यांस शत्रूच लेखीत. हरणें वाढावयाचीं तर त्यांचे भक्षक कमी केले पाहिजेत, हा त्या काळचा सर्वमान्य विचार. त्यास अनुसरून शेंकडों सिंह मारले गेले. परंतु वर्षानुवर्षें रानांत राहून त्यांनीं पाहिलें कीं, सिंह असूनहि हरणांचे कळप वाढतात आणि भक्ष्य व भक्षक यांचा समतोल निसर्ग आपणच राखतो. तेव्हां त्यांनीं आपलें मत बदललें, आणि सिंहांचा संहार थांबावा म्हणून ते झगडूं लागले. अधिकारपदावर असतां आपली चूक ओळखणें हें सुरीनें सिंह मारण्याहून सोपें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

बाहेरचा विरोधहि कमी नव्हता. मेंढपाळांस चराईचें रान हवें होतें, कंपन्यांस जमिनी हव्या होत्या, आणि शेजारचे शेतकरी सिंहांस आपल्या गुरांचे वैरी समजत. १९२३ पासून आगगाडीच्या सहली या रानांतून जाऊं लागल्या. जनावरें जिवंत पाहण्यांत प्रवाशांस आनंद वाटला आणि लोकमत फिरलें. ३१ मे १९२६ रोजीं दक्षिण आफ्रिकेच्या पार्लमेंटच्या कायद्यानें क्रूगर राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें. १९२७ सालीं पहिल्या हंगामांत तेथें अवघ्या तीन मोटारी आल्या. आज दरवर्षीं लाखों लोक येतात.

तेथील आफ्रिकन लोकांनीं त्यांस स्कुकुझा असें नांव दिलें होतें. झाडून साफ करणारा, असा त्याचा अर्थ सांगतात. या नांवांत एक दुःखाची गोष्ट आहे, आणि ती झांकून ठेवणें आम्हांस उचित वाटत नाहीं. कामावर येतांच त्यांनीं रानांत राहणाऱ्या आफ्रिकन कुटुंबांस घरेंदारें सोडून बाहेर जावयास लाविलें. पुढें रानाची हद्द वाढली तेव्हां आंत सांपडलेल्यांस राहूं दिलें, पण पैसा किंवा अंगमेहनत यांच्या मोबदल्यांत. हरणांची काळजी वाहणाऱ्या सरकारनें या लोकांचा सल्ला घेतला नाहीं.

पहिल्या महायुद्धांतील लष्करी नोकरीचा काळ वगळतां, १९४६ पर्यंत स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांनीं या रानाची सेवा केली. १० डिसेंबर १९५७ रोजीं त्यांचें निधन झालें. त्यांच्या पश्चात् १९६९ सालीं उद्यान वाढविण्यासाठीं उत्तरेकडील मकुलेके लोकांसहि आपल्या भूमींतून हुसकावण्यांत आलें. वर्णभेदाचें राज्य गेल्यावर, १९९८ सालीं, त्यांची सुमारे २४,००० हेक्टर जमीन त्यांस परत मिळाली. त्यांनीं ती नांगराखालीं न आणतां वन्य प्राण्यांसाठींच राखली, आणि प्रवाशांपासून होणाऱ्या उत्पन्नांत आपला वाटा ठरवून घेतला.

आजहि हत्ती कुंपण मोडून शेतांत शिरतात, सिंह गुरें मारतात. शेजाऱ्याच्या पोटावर पाय देऊन राखलेलें रान फार काळ टिकत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं सिंहाशीं झुंजणारे वोल्हूटर तर लक्षांत ठेवावेच. परंतु आपलें मत अनुभवाच्या कसोटीला लावणारे स्टीव्हन्सन-हॅमिल्टन, आणि हिरावलेली भूमि परत मिळाल्यावरहि ती प्राण्यांसाठीं राखणारे मकुलेके लोक, यांसहि विसरूं नये.