चॅपमनची गाडी
परभणीत आमच्या हॉस्टेलमागच्या शेडमध्ये लोटस सेव्हनची नक्कल बनतेय, म्हणून मित्रांनो, कॉलिन चॅपमनबद्दल लिहितोय. (मराठी कॉन्व्हेंटवालं आहे, सांभाळून घ्या!)

लंडनला इंजिनिअरिंग शिकतानाच १९४८ मध्ये त्याने जुन्या ऑस्टिन सेव्हनवर पहिली गाडी बांधली, तीही गर्लफ्रेंडच्या घरामागच्या गॅरेजात. १९५७ ची लोटस सेव्हन तो सुट्या भागांतही विकायचा, कारण तयार गाडीवर खरेदीकर लागायचा, सुट्या भागांवर नाही. वजन कमी करण्याचं तर त्याला वेडच होतं. पण १९७० मध्ये मोन्झाला सरावात त्याच्या गाडीच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला आणि योखेन रिंट गेला. १९८२ मध्ये हार्ट अटॅकने चॅपमनही वारला, अवघ्या ५४ व्या वर्षी.

वजन वाचवायला आम्ही चासीचा एक आडवा पाइप कापला होता. काल रात्री तो परत वेल्ड केला.