नाना फडणवीसांनी जे लिहून ठेवलं, ते आपण थेरपिस्टलाही सांगत नाही

दिवेआगरची ट्रिप म्हटलं की सुवर्णगणेश, बीच आणि मोदक ठरलेले. तिथून खाली श्रीवर्धन, म्हणजे पेशव्यांचं मूळ गाव. अजून पुढे हरिहरेश्वरजवळ बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी घातली की पलीकडे रत्नागिरी जिल्हा, आणि बाणकोटच्या पुढे वेळास. हे गाव आता कासवांमुळे सगळ्यांना माहितीये, पण ते भानू घराण्याचंही गाव आहे. याच घराण्यातले बाळाजी जनार्दन भानू म्हणजे नाना फडणवीस.

शाळेत आपल्याला नाना भेटतात ते साडेतीन शहाण्यांपैकी अर्धे शहाणे म्हणून. तलवार न चालवता मराठी राज्य सांभाळणारा, कुणाला मनाचा थांगपत्ता लागू न देणारा मुत्सद्दी. पण याच माणसाने एक छोटं आत्मचरित्र लिहिलंय, आणि त्यातले नाना वेगळेच आहेत.

काय होतं त्या आत्मचरित्रात?

नानांचा जन्म 12 फेब्रुवारी 1742 चा, साताऱ्यातला. लहानपणी देवांच्या मूर्ती मांडून पूजा करायचा नाद. लग्न लवकर झालं आणि चौदाव्या वर्षी वडील गेले. तरुणपणी मन एकीकडे देवाकडे ओढायचं आणि दुसरीकडे वासनेकडे. ही ओढाताण नानांनी लपवली नाही. जे विचार आजही कुणी मित्राला सांगणार नाही, ते त्यांनी कागदावर उतरवले.

मग आलं पानिपत. 14 जानेवारी 1761 ला नाना जेमतेम 18 वर्षांचे होते. आई आणि पत्नी सोबत होत्या. पराभवानंतर वेष टाकून, गवतात लपून, उपाशीपोटी चालत त्यांनी जीव वाचवला. पत्नी वाचली. आई परत आली नाही.

आपण पळालो, घाबरलो, हेही नानांनी लिहिलं. पण आत्मचरित्र पानिपतानंतर थोड्याच काळात थांबतं.

पुढचं कुणाला सांगितलं?

पुढचं आयुष्य काही हलकं नव्हतं. नारायणराव पेशव्यांचा खून, बारभाईंचं कारस्थान, सवाई माधवरावांच्या नावाने चाललेला कारभार. 1795 मध्ये खर्ड्याची लढाई जिंकली आणि त्याच वर्षी सवाई माधवराव शनिवारवाड्यावरून पडून गेले. ज्या मुलाला जन्मापासून सांभाळलं, तोच गेला. नंतर नाना स्वतः कैदेत पडले, नगरच्या किल्ल्यात. सुटले, पुन्हा कारभारात आले आणि 13 मार्च 1800 ला पुण्यात वारले.

या काळातला त्यांचा प्रचंड पत्रव्यवहार आहे. मेणवलीच्या वाड्यातलं दफ्तर तर अभ्यासकांच्या ओळखीचं. पण त्यात राजकारण आहे. तरुणपणी लिहिलं तसं मनातलं पुन्हा लिहिलेलं नाही.

आता सव्वादोनशे वर्षांनी नानांना कुठल्या आजाराचं लेबल लावणं चुकीचंच. पण त्यांच्या लिखाणातून थेरपी सुरू करणाऱ्याला कामाची गोष्ट मिळते.

मग थेरपीत करायचं काय?

पहिल्या सेशनला जाण्याआधी चार ओळी लिहा. काय होतंय, कधीपासून होतंय, झोप-जेवण-कामावर काय परिणाम झालाय. समोर बसल्यावर सुचत नाही, तेव्हा कागद वाचून दाखवला तरी चालतो.

ज्या गोष्टीची लाज वाटते ती टाळू नका. एकदम जमणार नाही. एक गोष्ट आहे, पण आत्ता बोलता येत नाही, एवढं सांगितलं तरी सुरुवात होते. तुमची माहिती गोपनीय ठेवणं हे तज्ज्ञांवर कायद्याने बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल अशा मोजक्या वेळी त्याला अपवाद असतो. तो कोणता, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

कोणाकडे जायचं? मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर असतात, ते औषधं देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात. काहींना दोन्ही लागतं. दोन-चार भेटींनंतरही सूर जुळला नाही तर तसं स्पष्ट सांगा, थेरपिस्ट बदलणं यात काही गैर नाही. आणि बरं वाटायला लागल्यावर परस्पर थांबू नका, आधी बोला.

गावात तज्ज्ञ नसेल, तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे. नंबर 14416, फुकट, 24 तास आणि मराठीतही. जीव द्यावासा वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लगेच फोन करा आणि जवळच्या माणसाला सोबत बसवा.

नानांकडे फक्त कागद होता. आपल्याकडे ऐकणारा माणूस आहे.