विल्यम केरी

एकदां पत्करलेला धंदा जन्मभर सोडतां येत नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. विल्यम केरी यांचें चरित्र निराळेंच सांगतें.

इ. स. १७६१ मध्यें इंग्लंडांतील पॉलर्सपरी गांवीं त्यांचा जन्म झाला. जोडे शिवून पोट भरीत असतांना त्यांनीं लॅटिन, ग्रीक व हिब्रू भाषांचा अभ्यास केला. पुढें ते शिक्षक व पाळक झाले आणि तिशी उलटल्यावर, १७९३ सालीं, सहकुटुंब बंगालमध्यें आले. तेथें निर्वाहासाठीं त्यांनीं निळीच्या कारखान्यावर नोकरी धरली. या निश्चयाची झळ घरच्यांसही लागली. १७९४ सालीं एक लहान मुलगा दगावला व पत्नीचें चित्त भ्रमिष्ट झालें.

१८०१ मध्यें कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत ते अध्यापक झाले. त्यांचें मराठी व्याकरण १८०५ त व मराठी कोश १८१० त प्रसिद्ध झाला. १८१२ सालीं श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागून अनेक हस्तलिखितें जळालीं, तेव्हां त्यांनीं पुन्हां लेखणी उचलली. १८३४ सालीं ते वारले.

धंदे बदलले, पण अभ्यासाची संवय त्यांनीं टाकली नाहीं; तीच प्रत्येक नव्या वाटेवर त्यांच्या उपयोगीं पडली. मुलानें मार्ग बदलला म्हणजे मागील श्रम व्यर्थ गेले, असें पालकांनींही मानूं नये.